ढोकळा, ताक आणि बी-12

बडोद्याच्या मराठी घरांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शाकाहारी माणसाला बी-12 जीवनसत्त्वाची गोळी लागत नाही, ढोकळ्याच्या आंबलेल्या पिठात आणि ताकात ते भरपूर असतं, आपलं आतडंही ते बनवतं, उरलेली कसर पालक-मेथी भरून काढते, आणि गोळी सुरू केली की शरीराला तिची सवय लागते. हे वाचून कुणी गोळी बंद केली असेल तर त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

आधी ढोकळा. बी-12 फक्त जिवाणू बनवतात. तांदूळ आणि चणाडाळीत ते नसतंच, आणि पीठ आंबवणारे नेहमीचे जिवाणू भरवशानं ते तयार करत नाहीत. पिठात आंबट दही घातलं असेल तर थोडंसं येतं, तेवढंच. दुकानातलं पिवळं खमण तर बहुधा सोडा आणि लिंबाच्या फुलांवर फुगवलेलं असतं, त्यात आंबवणं नाहीच.

ताकाचा हिशोब मांडून बघा. मोठ्या माणसाला रोज साधारण 2 ते 2.5 मायक्रोग्रॅम बी-12 लागतं. 100 मिली दुधात ते 0.4 च्या आसपास असतं. विरजणातले जिवाणू त्यातलं काही वापरून टाकतात. पेलाभर ताकात दही जेमतेम 50 मिली, म्हणजे 0.2 मायक्रोग्रॅमहूनही कमी. दिवसाची गरज ताकावर भागवायची तर दहा-बारा पेले प्यावे लागतील. चहातलं दूधही फसवं. तीन कपांत मिळून दीडशे मिली गेलं तरी ते खूप उकळलेलं असतं, आणि दहा मिनिटांच्या उकळीत जवळपास अर्धं बी-12 जाऊ शकतं. दुधावरच भिस्त ठेवायची असेल तर रोज अर्धा लिटर दूध दोन-तीन वेळांत विभागून घ्या, एक उकळी आली की उतरवा, पुन्हा पुन्हा आटवू नका. तरीही गरज काठावरच भागते.

आतड्यातले जिवाणू बी-12 बनवतात हे खरं आहे. पण ते बनतं मोठ्या आतड्यात आणि शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या अलीकडे. खाली बनलेलं वर येत नाही.

पालक-मेथीचा मुद्दा सगळ्यांत घातक. त्यांत फोलेट (बी-9 जीवनसत्त्व) असतं, बी-12 नाही. त्याच फोलेटच्या, म्हणजे फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी बी-12 च्या कमतरतेतला रक्तक्षय सुधारलेला दिसतो, हिमोग्लोबिन चांगलं येतं, आणि नसांची हानी मात्र आत चालूच राहते: पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा. उशीर झाला तर ही हानी पूर्ण भरून येत नाही.

'सवय लागते' हेही चूक. शरीर बी-12 बनवतच नाही, तर बनवायचं थांबवेल कसं? गोळीवरचा मोठा आकडा पाहूनही घाबरू नका. जठरातल्या एका प्रथिनाच्या मदतीनं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं, त्यापलीकडच्या मात्रेतलं सुमारे एक टक्का. म्हणून 1000 मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तरी अंगी लागतं दहा-बारा मायक्रोग्रॅम.

'आजोबांनी कधी गोळी घेतली नाही' याचं उत्तर यकृतात आहे. तिथला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं शोषणही घटतं. त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करावी.

तपासणीसाठी रक्त, गोळी सुरू करण्याआधी द्या, नंतरचा आकडा फसवतो. मिलीलीटरमागे 200 पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. 200 ते 300 मध्ये डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक ॲसिड (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक) बघायला सांगू शकतात. बी-12 च्या कमतरतेत तांबड्या पेशी मोठ्या होतात, पण लोहही कमी असेल तर त्यांचा आकार नॉर्मल दिसू शकतो, तेव्हा नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीवर) विसंबू नका. मुंग्या किंवा तोल जाणं सुरू झालं असेल तर गोळीनं वेळ काढू नका, इंजेक्शनासाठी डॉक्टरांना गाठा. मेडिकलमधून गोळी आणताना नुसती बी-12 मागा. काही गोळ्यांत प्रिगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध मिसळलेलं असतं, त्यानं गुंगी येते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी बायकांनी हा संदेश मुळीच मानू नये. आईच्या अंगात बी-12 कमी असलं की दुधातही कमी उतरतं. मग बाळ मलूल होतं, आलेली मान पुन्हा टाकतं, काही बाळांचे हातपाय थरथरतात. अशा बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि आईचंही रक्त तपासायला सांगा.