फाशीची तरतूद केली म्हणजे सरकार सुटलं?

कुठेतरी एखादा भयंकर गुन्हा घडतो आणि दोन दिवसांत तोच मेसेज ग्रुपवर पुन्हा येऊन पडतो. गाव बदललेलं असतं, मजकूर तोच. सरकारने कायदा कडक केला, पोलिसांनी आरोपी पकडला, पुरावे दिले. पुढे कोर्टंच तारखा देत बसतात, फाशी रद्द करतात, सोडून देतात. यात सरकार बिचारं काय करणार? आरोपीला आत बिर्याणी मिळते. पीडितेलाही सरकार 10 लाख देतंच. तेव्हा महिनाभरात फास्ट ट्रॅकवर फासावर चढवा, नाहीतर एन्काउंटर करून विषय संपवा.

चीड येणं साहजिक आहे. मात्र हा मेसेज ज्याला अलगद वाचवतो तो आरोपी नव्हे. मंत्रालयातल्या ज्या टेबलांवर फायली अडतात, ती टेबलं यातून सुटतात. म्हणून एकेक दावा तपासून बघू.

‘फाशी झालेल्यालाही कोर्ट वाचवतं.’

याचं हमखास दिलं जाणारं उदाहरण पुण्यातलंच आहे. 2007 मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. 2012 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली, त्याच वर्षी हायकोर्टाने ती कायम केली, मे 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानेही. म्हणजे तिन्ही कोर्टांनी फाशीच दिली होती. तरीही 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने फाशी रद्द करून 35 वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय उचलून धरला.

मेसेज इथेच थांबतो. मधली चार वर्षं तो सांगत नाही. दयेचा अर्ज राज्यपालांनी फेटाळला मार्च 2016 मध्ये. राष्ट्रपतींनी फेटाळला मे 2017 मध्ये. त्यानंतर उरतं ते फक्त फाशीचं वॉरंट काढून तारीख ठरवणं. ते वॉरंट निघालं एप्रिल 2019 मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी! दयेच्या अर्जावर माहिती मागवणं, ती पुढे पाठवणं, पुन्हा स्मरणपत्रं, असा सगळा खास सरकारी कारभार. फाशीची टांगती तलवार अकारण वर्षानुवर्षं ठेवणं घटनेच्या 21 व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कात, बसत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच स्पष्ट केलं होतं. म्हणजे दिरंगाईचा परिणाम काय होणार हे गृहखात्याला ठाऊक असायला हवं होतं. सत्र न्यायालयही यात धुतल्या तांदळासारखं नाही, वॉरंट त्यालाच काढायचं होतं. पण सुप्रीम कोर्टाने कार्यकारी यंत्रणेच्या ढिलाईवर स्पष्ट बोट ठेवलं आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने गृह किंवा कारागृह विभागात स्वतंत्र कक्ष नेमावा असा आदेश दिला. साध्या फाइलीचा पाठपुरावा करा, हे सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

दिल्लीच्या 2012 च्या निर्भया खटल्यातही हेच. सुप्रीम कोर्टाने मे 2017 मध्ये अपिलं फेटाळल्यावर वॉरंटसाठी कुणीही हालचाल केली नाही, सगळे झोपले होते, असे ताशेरे दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी 2020 मध्ये ओढले.

‘जन्मठेप झाली तरी कोर्टं चौदा वर्षांत सोडतात.’

साफ चूक. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. त्यात सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 432 खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 473 खाली. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्काराचा आणि खुनांचा बिल्किस बानो खटला मुंबईत चालला, विशेष न्यायालयाने 2008 मध्ये 11 जणांना जन्मठेप दिली. 15 ऑगस्ट 2022 ला त्यांना बाहेर काढलं ते गुजरात सरकारने. जानेवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली, गुजरातला हा अधिकारच नव्हता असं सांगितलं आणि सगळ्यांना परत तुरुंगात धाडलं. सोडलं कुणी आणि आत टाकलं कुणी, याची जरा नोंद असू द्या.

‘पोलिसांनी पुरावे दिले, कोर्टाने सोडलं.’

बलात्काराच्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण देशात 2022 मध्ये जेमतेम 27 टक्के होतं. हा आकडा मेसेजवाले कोर्टांच्या नावावर खपवतात. पण न्यायाधीश समोर येईल तेवढंच बघू शकतो, आणि समोर काय आणायचं हे सरकारच्या पगारावर असलेली माणसं ठरवतात.

साध्या सत्र खटल्याचं बघा. घटनास्थळाचा पंचनामा होतो. पंच म्हणून जवळ उभा असलेला कुणीतरी किंवा पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतला माणूस. कपडे, नमुने सील होऊन मुद्देमाल म्हणून ठाण्यात ठेवले जातात आणि मग प्रयोगशाळेकडे जातात. कधी गेले, मधल्या काळात कुणाच्या ताब्यात होते, सील शाबूत होतं का, याची नोंद सलग असावी लागते. लेबलवर एक तारीख आणि पंचनाम्यात दुसरी निघाली की बचावाच्या वकिलाचं निम्मं काम तिथेच झालं. सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, उशिरा येतो तो येतोच. काही वर्षांनी पंच पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, ‘पोलिसांनी बोलावलं, सही करायला सांगितली, मी केली.’ पंच फितूर. तपास अधिकाऱ्याची एव्हाना दोनदा बदली झालेली असते. समन्स त्याच्यापर्यंत पोचायला दोन तारखा, तो बंदोबस्तात म्हणून आणखी एक. कोर्ट नावाला तारीख देतं, पण ती तारीख पडते कुणामुळे?

आणि सरकारी वकील. सहायक सरकारी वकिलाच्या टेबलावर दिवसाला किती फायली असतात ते कुठल्याही न्यायालयात अर्धा तास बसून पाहा. साक्षीदाराशी नीट बोलायलाही बहुतेक वेळा व्हरांड्यातली पाच मिनिटं मिळतात. मोर्चा निघाला, वाहिन्यांनी विषय उचलला, की सरकार विशेष सरकारी वकील नेमल्याची घोषणा करतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. मला मात्र दर वेळी वाटतं, ही घोषणा म्हणजे कबुलीच आहे. रोजची यंत्रणा खटला जिंकण्याच्या लायकीची नाही हे सरकारला माहीत आहे. ज्या मुलीसाठी मोर्चा निघत नाही, तिला तीच रोजची यंत्रणा.

‘न्यायाधीश सुट्ट्या घेतात म्हणून खटले तुंबतात.’

सुट्ट्या कमी करा हे फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने 2003 मध्येच सांगितलं होतं, त्यावर वाद नाही. पण दर दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने 1987 मध्ये सुचवलं आणि 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पाच वर्षांत करा म्हणून सांगितलं. आज हा आकडा 20 च्या जरा पुढे-मागे आहे. पदं मंजूर करणं, कोर्टाच्या खोल्या बांधणं, स्टेनो-शिरस्तेदार देणं याचे पैसे राज्याच्या अर्थसंकल्पातून येतात.

‘फास्ट ट्रॅकवर महिन्यात निकाल लावा.’

फास्ट ट्रॅक हा शब्द जादूच्या कांडीसारखा वापरला जातो. ही कोर्टं काही नवी नाहीत. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून 2000 नंतर देशभर 1,734 कोर्टांची योजना आली. मार्च 2011 मध्ये केंद्राने पैसा थांबवला आणि चालवायची की बंद करायची हे राज्यांवर सोडून दिलं. पुढच्याच वर्षी दिल्लीची घटना घडली आणि सगळे पुन्हा ‘फास्ट ट्रॅक, फास्ट ट्रॅक’ म्हणू लागले. 2019 पासून निर्भया निधीतून विशेष कोर्टं चालू आहेत. पण न्यायाधीश तेच, वकील तेच, प्रयोगशाळा तीच ठेवून नुसती पाटी बदलली, तर साक्षीदाराला समन्स लवकर कसं पोचणार?

दिल्लीच्या खटल्यात फास्ट ट्रॅक कोर्टाने नऊ महिन्यांत निकाल दिला होता, हेही लक्षात घ्या. उरलेली साडेसहा वर्षं वरच्या कोर्टांत आणि फायलींत गेली.

आता खरोखरच महिना-दोन महिन्यांत उरकलेला खटला बघू. मध्य प्रदेशात खांडव्याला 2013 च्या जानेवारीत नऊ वर्षांच्या मुलीचा बलात्कार करून खून झाला. मार्चमध्ये फाशी सुनावली गेली. आरोपीचा वकील नेमला गेला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले, म्हणजे वकिलाला कागद वाचायलाही वेळ नव्हता. डिसेंबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा सगळा खटला रद्द करून नव्याने चालवायला सांगितला. पुन्हा फाशी झाली, ती हायकोर्टाने रद्द केली, प्रकरण परत खाली आलं आणि 2024 मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं. त्या मुलीच्या आईबापांना आज कुणाकडे बघून न्याय झाला म्हणायचं? घाईने काय मिळतं ते इतकं ढळढळीत दुसरीकडे क्वचितच दिसेल.

एन्काउंटरबद्दल एकच. हैदराबादला डिसेंबर 2019 मध्ये एका तरुणीवरच्या बलात्कार-खुनातल्या चार संशयितांना पोलिसांनी मारलं, लोकांनी फुलं उधळली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने चौकशी करून पोलिसांची कहाणी विश्वासार्ह नाही असा अहवाल दिला. खटला झालाच नाही, त्यामुळे गुन्हा नेमका कुणी केला हे कोर्टात सिद्ध व्हायचं कायमचं राहिलं.

‘सरकारने फाशीची तरतूद केली, आणखी काय हवं?’

दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये बलात्काराला फाशी देण्याची शिफारस केली नव्हती. पोलीस, सरकारी वकील, वैद्यकीय तपासणी या सगळ्याची दुरुस्ती करायला सांगितली होती. सरकारने फाशी घेतली आणि खर्चाची बाजू लांबणीवर टाकली. कारण कायद्यात ‘मृत्युदंड’ हा शब्द घालायला पैसे लागत नाहीत. महिला-बालकांवरच्या अत्याचारांना फाशीपर्यंतची शिक्षा सांगणारं आपल्याकडचं शक्ती विधेयक आठवा. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत गाजावाजा करून मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि कायदा काही झालं नाही. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायद्यात खटला शक्यतो वर्षभरात संपवावा हे 2012 पासून लिहिलेलंच आहे. ते पाळलं जावं म्हणून कुठल्या सरकारने अशी मिरवणूक काढली?

बिर्याणीचं तर विचारूच नका. कसाबच्या बिर्याणीची गोष्ट आपणच रचली होती, असं खुद्द विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये जयपूरला जाहीरपणे सांगितलं. मेसेजमध्ये बिर्याणी अजून शिजतेच आहे.

‘पीडितेला 10 लाख मिळतात.’

या ओळीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. महाराष्ट्रात मनोधैर्य योजना ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाली. तेव्हा कमाल रक्कम तीन लाख होती. शेजारच्या गोव्यात 10 लाख मिळतात यावरून हायकोर्टाने राज्याला खडे बोल सुनावल्यावर 2017 च्या अखेरीस ती मर्यादा 10 लाखांवर गेली. ‘10 लाखांपर्यंत’ हे शब्द नीट वाचा. ती कमाल मर्यादा आहे, प्रत्येकीच्या हातात पडणारी रक्कम नव्हे. प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातं, एफआयआर, वैद्यकीय अहवाल, जबाब यांच्या प्रती लागतात, आणि मंजूर रकमेतला मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत जातो. योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, अ‍ॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांसाठी आहे. घरातला कर्ता माणूस कुणी कोयत्याने मारला तर त्या बाईला मनोधैर्यमधून काही मिळत नाही. तिच्यासाठी दुसरी भरपाई योजना आहे, पण तिचं नाव पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना तिला कुणी सांगितलेलं असेल तर शपथ.

आणि मदत म्हणजे नुसता चेक नव्हे. बलात्कार वा अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितेवर खासगी रुग्णालयानेही लगेच मोफत उपचार करायचे आहेत, नाकारले तर तो गुन्हा आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी तिला 90 दिवसांच्या आत कळवायचं आहे. साक्षीदार संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने 2017 मध्येच केला. साक्ष देताना आरोपी नजरेसमोर येऊ नये म्हणून प्रत्येक जिल्ह्यात वेगळी साक्ष केंद्रं उभारा, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावलं. पण एखाद्या न्यायालयात जाऊन बघा. मुलगी आईचा हात धरून व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली असते, समोरच्या बाकावर आरोपीचा चुलता, मामा, गावचे दोन पुढारी. सकाळी अकरापासून. दुपारी साडेचारला कळतं की आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. मधल्या साडेपाच तासांत ‘मिटवून टाका’ हे किती वेळा आणि किती सुरांत सांगितलं गेलं, ते कुठल्याच रोजनाम्यात लिहिलं जात नाही.

अ‍ॅट्रॉसिटीच्या बाबतीत तर जबाबदारी नावानिशी लिहिलेली आहे. 1995 च्या नियमांत मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य समिती आहे. ती वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बसलीच पाहिजे. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दर तीन महिन्यांनी. पीडितांना मदत मिळाली का, खटले कुठे अडले, हे तिथेच बघायचं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी हा मेसेज आला की पाठवणाऱ्याला काही प्रश्न परत पाठवा. राज्य समितीच्या गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या, इतिवृत्तं कुठे आहेत? आपल्या जिल्ह्यात मनोधैर्यचे किती अर्ज सहा महिन्यांहून जास्त पडून आहेत? सरकारी वकिलांची किती पदं रिकामी? प्रयोगशाळेत किती नमुने तपासणीविना आहेत? दयेच्या अर्जांचा कक्ष गृहविभागाने नेमला का, कोणत्या तारखेच्या आदेशाने? यातला प्रत्येक प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतो. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा.