सर्टिफिकेट आहे म्हणून सही खरी होत नाही

‘खेळाडूची सही खरी की खोटी? घरबसल्या ओळखा!’ असा एक मेसेज सध्या वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत क्रिकेटच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात सहा मुद्दे दिलेत. सोबत होलोग्रामचं सर्टिफिकेट असेल तर सही शंभर टक्के खरी. नेटवरच्या सहीशी तंतोतंत जुळली तर खरी. ओल्या बोटाने पुसली गेली नाही तर खरी. कागद किंवा बॅट पिवळी पडलेली असेल तर जुनी, म्हणून खरी. खेळाडूचा सही करतानाचा फोटो असेल तर प्रश्नच मिटला. आणि शेवटी, अशा वस्तूची किंमत दरवर्षी दुप्पट होते, तेव्हा उशीर करू नका. खाली एका बॅटचा फोटो आणि फोन नंबर.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकतो. हा पुसून भागणार नव्हतं. माझे काका आमच्या वाडीच्या क्रिकेट मंडळाचे खजिनदार आहेत. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी मैदानाच्या रोलरसाठी आणि मॅटसाठी वर्गणी दिली होती. त्यातून मेसेजमधली ती ‘१९८३ च्या विश्वविजेत्या संघाने लॉर्ड्सवर त्याच संध्याकाळी सह्या केलेली बॅट’ ६५ हजारांना घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलंय. मी अडवलं तर म्हणाले, ‘‘अरे, सर्टिफिकेट आसा, होलोग्राम आसा, आणखी काय होया तुका?’’ जन्मभर शाळेत शिकवलेला, मंडळाच्या एका रुपयाचाही हिशेब न चुकवणारा हा माणूस. त्याला एक फॉरवर्ड असा गंडवतो, याचा मला संताप येतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, आणि ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज गेला तिथे तिथे हे टाकणार आहे.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच, सर्टिफिकेटचा. ते कोण छापतं? ज्याला वाटेल तो. खेळाडूंच्या सह्या खऱ्या ठरवून देणारा सरकारी परवाना आपल्याकडे नाही. चकचकीत होलोग्रामचे स्टिकर ऑर्डर दिली की रोलने छापून मिळतात, त्यावर नंबरही घालून मिळतो. काकांना पाठवलेल्या सर्टिफिकेटवर ‘आयएसओ प्रमाणित’ असंही छापलंय. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त मानकं ठरवते. दुसऱ्या कुणी तपासून तसा दाखला दिलाच, तरी तो कंपनीच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतो. बॅटवर कपिलनेच सही केली की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. नोटरीच्या शिक्क्याचंही तेच. अमुक माणसाने आपल्यासमोर अमुक गोष्ट शपथेवर सांगितली, एवढंच नोटरी सांगतो. सांगितलेलं खरं होतं असं तो म्हणत नाही.

हे सगळं माझं डोकं चालवून सांगतोय असं वाटत असेल, तर अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथे बेसबॉलच्या सह्यांचा बाजार आपल्यापेक्षा कितीतरी जुना आणि मोठा आहे. १९९० च्या दशकात सॅन दिएगोचा टोनी ग्विन हा नामवंत फलंदाज आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकल्या जातायत म्हणून तक्रार करत होता. त्याच सुमारास एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोठी मोहीम हाती घेतली आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये धाडी घातल्या. टोळीतला मुख्य हात ग्रेग मरिनो नावाच्या माणसाचा. जिवंत आणि मेलेल्या कितीतरी खेळाडूंच्या सह्या तो एकटा ठोकायचा. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा या तपासात निघाले! आता मुद्द्याचं. त्या मालासोबत सर्टिफिकेटं होती. टोळीत सह्या करणारे होते, घाऊक विकणारे होते, आणि सर्टिफिकेटं पुरवणारेही होते. सर्टिफिकेट हा त्या धंद्याचाच एक भाग होता, कारण गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं. सर्वाधिक मागणी असलेल्या सह्यांपैकी निम्म्याहून जास्त खोट्या असाव्यात, असा अंदाज तेव्हा एफबीआयने सांगितला होता. त्यातल्या बहुतेकांच्या मालकांकडे आपल्या काकांसारखाच एक छापील कागद असणार.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. सगळेच होलोग्राम कुचकामी नसतात. या प्रकरणानंतर मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगने २००१ पासून स्वतःची पद्धत सुरू केली. आजी-माजी पोलिसांना मैदानावर उभं केलं जातं. सही त्यांच्या डोळ्यांसमोर झाली किंवा चेंडू त्यांच्या डोळ्यांसमोर सामन्यातून बाहेर आला तरच ते नंबरचा होलोग्राम लावतात. तो सोलायला गेलं तर फाटतो, आणि नंबर लीगच्या यादीत तपासता येतो. इथे दाखला देणारा माणूस साक्षीदार आहे. बाकीची बहुतेक सर्टिफिकेटं म्हणजे नंतर कधीतरी सही बघून कुणीतरी दिलेलं मत. ते मत जाणकाराचं असू शकतं, चुकूही शकतं, आणि विकणाऱ्याच्याच मेव्हण्याचंही असू शकतं. म्हणून सर्टिफिकेट हातात घेतलं की पहिला प्रश्न हा विचारा: सही होताना कोणी पाहिली? काकांच्या कागदावर साक्षीदाराचं नाव नाही, तारीख नाही, सर्टिफिकेट देणाऱ्याचा पत्तासुद्धा नाही.

दुसरा मुद्दा वाचून मला खरंच कपाळावर हात मारावा लागला. सही ‘तंतोतंत’ जुळली तर खरी म्हणे! बँकेत पेन्शनसाठी सही करताना काकांची स्वतःची सही दोनदा सारखी येत नाही. कॅशियर परत करायला लावतो. कुठल्याही जिवंत माणसाची सही दर वेळी थोडी हलते. शेपूट लांबतं, एखादं अक्षर गिळलं जातं, झोक बदलतो. दोन सह्या एकमेकींवर ठेवून रेघन् रेघ जुळली तर संशय वाढायला हवा, कारण तशी सही गिरवलेली असते, छापलेली असते नाहीतर यंत्राने केलेली असते.

हा काही आजचा शोध नाही. १८६८ साली अमेरिकेत सिल्व्हिया हाउलंड नावाच्या श्रीमंत बाईच्या मृत्युपत्राचा खटला गाजला. कागदावरची एक सही दुसऱ्या सहीवरून गिरवली आहे, असा आरोप होता. बेंजामिन पियर्स या गणितज्ञाने तिच्या ४२ सह्या एकमेकींशी ताडून पाहायला लावल्या. प्रत्येक सहीत वरून खाली येणाऱ्या ३० रेघा होत्या. दोन खऱ्या सह्यांमध्ये त्यातल्या सरासरी सहाच जुळायच्या. वादातल्या सहीत तिसांच्या तीस जुळल्या. असं नैसर्गिकपणे घडणं जवळजवळ अशक्य, असं त्याने कोर्टात सांगितलं. निकाल शेवटी दुसऱ्याच कायदेशीर कारणावर लागला, पण अतिजुळणी ही खोटेपणाची खूण आहे हे हस्ताक्षर तपासणारे तेव्हापासून मानत आलेत. आमच्या फॉरवर्डवाल्याने तीच खूण उलटी करून खरेपणाचा पुरावा म्हणून विकली आहे.

मग बघायचं काय? रेघेचा वेग. शेकडो चाहत्यांना सह्या दिलेल्या माणसाचा हात धावतो. त्याची रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होते, वळणावर पातळ-जाड होते. नकल करणारा हळू काढतो. मग रेघ थरथरते, मध्येच पेन उचलल्याच्या जागा दिसतात, टोकं बोथट राहतात. साधं भिंग घेऊन हे दिसतं. छापील सही असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात, किंवा दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेही रंग सपाट एकसारखाच राहतो. बॉलपेनची सही असेल तर टॉर्च बाजूने तिरपा धरा, दाबाची खाच दिसायला हवी.

ओल्या बोटाची परीक्षा कुणीही करू नका, हात जोडून सांगतो. मार्करची खोटी सही पाण्याने जात नाही. लेझर प्रिंटरची छापील सहीही जात नाही. जाते ती कोणती? फाउंटन पेनने कागदावर केलेली जुनी, खरी सही. कुणाच्या आजोबांच्या वहीत खरोखरच एखादी तशी सही असेल, तर हा मेसेज वाचून ती पुसली जायची.

पिवळेपणाबद्दल कोकणातल्या माणसाला मी काय सांगू? आपल्या पावसात कपाटातली कोरी वही दोन मोसमांत डागाळते, फोटोंना बुरशी धरते, पुस्तकांना वास येतो. यावरून वस्तू जुनी ठरत नाही, दमट घरात राहिली एवढंच कळतं. शिवाय पिवळेपणा मुद्दाम आणता येतो, बुलपेनच्या टोळीने नव्या चेंडूंना शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावून तेच केलं होतं. आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर आजही सही ठोकता येतेच की. त्यापेक्षा पेन आणि कागद कधीचा ते बघा. बॉलपेन बाजारात सर्रास मिळू लागलं १९४५ नंतर. म्हणजे १९३२ साली लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळलेल्या सी. के. नायडूंच्या संघाची ‘त्याच वेळची’ सही बॉलपेनने असेल तर पुढे बोलायलाच नको. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालतात ती रसायनंही दुसऱ्या महायुद्धानंतरची. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली असा कागद निळसर चमकतो. युद्धाआधीचा म्हणून दिलेला कागद तसा चमकला तर तो परत करा.

फोटोचा मुद्दा अर्धा खरा आहे. पण खेळाडू कुठल्यातरी बॅटवर सही करतोय यावरून तीच बॅट आपल्या हातात आलीय हे कसं ठरणार? बॅट ज्या विलोच्या लाकडाची असते, त्याच्या पात्यावरच्या उभ्या रेषा प्रत्येक बॅटवर वेगळ्या असतात. फोटोतल्या रेषा आणि हातातल्या बॅटच्या रेषा जुळतात का ते बघा. रेषा दिसण्याइतका फोटो स्पष्ट नसेल तर त्याला पुरावा म्हणू नका. शिवाय आता असे फोटो संगणकावर हवे तसे बनवता येतात.

किंमत दरवर्षी दुप्पट होते, याला काहीही आधार नाही. विकणाऱ्याचं वाक्य आहे ते.

आता त्या बॅटबद्दल. फोटोत सह्या मोजल्या तर बरोबर १४ भरतात, आणि १९८३ च्या संघात खेळाडूही १४ होते. पण नावं वाचा. सुनील वॉल्सनची सही नाही. तो संघात होता, त्या स्पर्धेत त्याला एकही सामना मिळाला नाही, म्हणून नकल करणाऱ्याच्या लक्षात राहिला नाही. त्याच्या जागी चेतन शर्माची सही आहे. चेतन शर्मा त्या विश्वचषकात नव्हताच, त्याचा पहिला एकदिवसीय सामना त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला. मग लॉर्ड्सवर जूनच्या त्या संध्याकाळी त्याने सही केली कुठून? शिवाय चौदाही सह्या एका मापाच्या, एका झोकाच्या आणि ओळीत बसवलेल्या आहेत. खरी संघाची बॅट कधी बघितलीत तर शेवटी आलेल्यांनी कोपऱ्यात दाटीवाटीने केलेल्या सह्या दिसतील. गावसकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, म्हणून आपल्याकडे त्यांच्या सहीचं अप्रूप जास्त. विकणाऱ्याला ते पक्कं माहीत आहे. त्यांची सही त्याने बरोबर मधोमध आणि सगळ्यात ठळक काढलीय.

काही जण म्हणतील, सह्या नंतर कधीतरी एखाद्या सत्काराला घेतल्या असतील. असू शकतं. त्या संघातल्या अनेकांनी पुढे कार्यक्रमांत कितीतरी वस्तूंवर सह्या केल्यात आणि त्या अस्सल आहेत. पण मग ‘त्याच संध्याकाळी’ हे धडधडीत खोटं आहे आणि किंमत त्या खोट्याची मागितली जातेय.

काकांना मी सांगितलंय की विकणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: बॅट आजवर कोणाकोणाकडे होती त्यांची नावं, स्वतःच्या नाव-पत्त्याचं बिल, आणि सही खोटी निघाली तर मुदतीशिवाय पैसे परत करायची हमी. त्याचं उत्तर आलं, ‘‘दुसरी पार्टी तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा.’’ काकांनी अजून पैसे पाठवलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्याच नंबरवर पाठवले असतील तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, आणि चॅट, सर्टिफिकेट, बॅटचे फोटो, काहीही डिलीट करू नका.