‘चांगल्या शिक्षकाला ६० मुलं काय आणि १०० काय’ हे साफ चुकीचं आहे

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दुसरीला शिकवते. वर्गात ५८ मुलं. वर्गाच्या दोन तुकड्या कराव्यात असा अर्ज तिने शाळेत दिला होता, आणि त्याच आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरला. तो तिने मला पाठवला आणि विचारलं, “दादा, खरं सांग, मीच कमी पडते का रे?” बारा वर्षं मन लावून शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न पडावा याचा मला भयंकर राग आला. म्हणून हे लिहितोय.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. वर्ग लहान असो की मोठा, शिकण्यात फरक पडत नाही हे शेकडो अभ्यासांनी सिद्ध झालंय. जपान-कोरियात वर्ग मोठे, तरी तिथली मुलं जगात पुढे. मोठ्या वर्गात मुलं एकमेकांकडून शिकतात, चुरस राहते. अगदीच झेपत नसेल तर शिक्षकाच्या हाताखाली मदतनीस द्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘चांगल्या शिक्षकाला ६० मुलं काय आणि १०० काय, सारखीच. वर्ग लहान करा म्हणणाऱ्याला काम टाळायचं असतं.’

सगळ्यात आधी हे शेवटचं वाक्य घेतो. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, पण हे वाक्य माणसाला आतून खचवतं.

तास ४० मिनिटांचा धरा. ५८ मुलांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला ४१ सेकंद येतात. तेही बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही, हजेरी घेतली नाही, कुणाचं भांडण सोडवलं नाही तर. एक वही नीट तपासायला दोन मिनिटं लागतात असं म्हणू. एका विषयाच्या ५८ वह्या म्हणजे जवळजवळ दोन तास. चार विषयांच्या वह्या एकाच दिवशी आल्या तर पावणेआठ तास. हे सगळं शाळेचे तास संपल्यावर, घरी. काम टाळायचं असतं म्हणे!

आता त्या वहीत काय असतं ते बघा. ४२ वजा १७. मूल उत्तर लिहितं ३५. हे उत्तर कुठून आलं? त्याने सातातून दोन वजा केले, चारातून एक. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला हे न बघता ते दर वेळी मोठ्यातून लहान वजा करतंय. पण हेच मूल ६८ वजा २५ अगदी बरोबर सोडवतं, कारण तिथे हातच्याची गरजच पडत नाही. त्यामुळे दहा गणितांपैकी पाच-सहा बरोबर येतात, चार-पाच चुकतात, आणि वही बघणाऱ्याला वाटतं की मूल धांदरट आहे, थोडा सराव हवा. धांदरट नाहीये ते. त्याला एक गोष्ट चुकीची समजली आहे आणि ती ते अतिशय इमानाने, दर वेळी तशीच करतंय. आणखी शंभर गणितं दिलीत तर ती चूक आणखी घट्ट होईल. ती पकडायचा एकच मार्ग आहे: शेजारी बसायचं आणि विचारायचं, “हे कसं केलंस, मला सांग.” ते उत्तर ऐकायला चार मिनिटं लागतात.

वाचनाचंही तेच. ५८ मुलं एका सुरात धडा म्हणतात तेव्हा कानाला फार छान वाटतं. त्या आवाजात ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गोंधळणारं मूल बेमालूम लपून जातं. शेजारच्याच्या अर्धा क्षण मागून ते बोलत असतं. अशी मुलं वर्षभर लपून राहतात आणि तिसरी-चौथीत एकदम उघडी पडतात. तोवर त्यांच्यावर ‘अभ्यासात रस नाही’ असा शिक्का बसलेला असतो. प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्याने तीन-तीन मिनिटं ऐकायचं ठरवलं तर ५८ मुलांना जवळजवळ तीन तास लागतात. १५ मुलांना पाऊण तास.

म्हणजे चांगल्या शिक्षिकेचं जे खरं कसब आहे, मूल कुठे अडलंय हे ओळखणं, नेमकं तेच मोठा वर्ग तिला वापरू देत नाही. नुसतं बोलायचं असेल तर शंभरांसमोरही बोलता येतं. पण शंभरांचं ऐकून घेता येत नाही.

आता ‘शेकडो अभ्यासांनी सिद्ध झालंय’ याकडे वळतो. मेसेजमध्ये एकाही अभ्यासाचं नाव नाही. मी देतो.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ‘स्टार’ नावाचा प्रयोग झाला. बालवर्गापासून तिसरीपर्यंतची साडेअकरा हजारांवर मुलं, सुमारे ८० शाळा. तीन प्रकारचे वर्ग केले: १३ ते १७ मुलांचे लहान, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे, आणि नेहमीच्याच आकाराचे पण शिक्षकाबरोबर पूर्णवेळ मदतनीस असलेले. कुठलं मूल आणि कुठला शिक्षक कोणत्या वर्गात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. या प्रयोगाचं सगळं मोल याच गोष्टीत आहे. एरवी शाळा बऱ्याचदा कच्च्या मुलांनाच मुद्दाम लहान तुकडीत ठेवतात. मग नुसते निकाल शेजारी ठेवून पाहिलं तर लहान वर्गाचा फायदा दिसतच नाही, कधी उलटंच दिसतं. ‘फरक पडत नाही’ म्हणणारे कितीतरी अभ्यास या एका खड्ड्यात पडलेले आहेत.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या या प्रयोगात लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. चार वर्षांनंतरचा फरक साधारण तीन महिन्यांच्या जादा शिक्षणाइतका भरला. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. चौथीपासून सगळी मुलं नेहमीच्या वर्गात परतली, तरी अर्थतज्ज्ञ अॅलन क्रुगर आणि डायान व्हिटमोर यांनी पुढे तपासलं तेव्हा लहान वर्गात बसलेली मुलं महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला अधिक प्रमाणात बसली होती. ती परीक्षा देण्यातली गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमधली दरी निम्म्याहून जास्त घटली होती.

आणि मदतनीस? मदतनीस दिलेल्या वर्गांत म्हणावा असा फरक पडला नाही. मेसेजमधला तोही मुद्दा इथेच संपतो.

‘फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे अर्थतज्ज्ञ एरिक हॅनुशेक यांची मोजणी. त्यांनी ५९ अभ्यासांतून २७७ निष्कर्ष काढून त्यांची बेरीज-वजाबाकी मांडली. क्रुगर यांनी दाखवून दिलं की एकेका अभ्यासाचे अनेक निष्कर्ष वेगवेगळे मोजल्यामुळे काही मोजक्या अभ्यासांचं वजन भलतंच वाढलं आहे, आणि प्रत्येक अभ्यासाला सारखं वजन दिलं की चित्र लहान वर्गांच्या बाजूने झुकतं. दुसरं नाव शिक्षण-संशोधक जॉन हॅटी यांचं. त्यांच्या २००९ च्या पुस्तकात वर्ग लहान करण्याचा परिणाम ०.२१ दिलेला आहे, म्हणजे मुलामुलांच्या गुणांत एरवी जो फरक असतो त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. इतर काही उपायांपेक्षा तो कमी आहे. पण ०.२१ म्हणजे शून्य नव्हे!

जपान-कोरियाचा मुद्दा झटपट संपवतो. तिथली असंख्य मुलं शाळा सुटली की खासगी शिकवणीला जातात. ते शिकणं शाळेच्या मोठ्या वर्गाच्या खात्यावर जमा करता येणार नाही. कोरियातले वर्ग गेल्या काही दशकांत झपाट्याने लहान झालेत. आणि जपानने २०२१ मध्ये कायदा बदलून प्राथमिक वर्गांची मर्यादा टप्प्याटप्प्याने ३५ वर आणायचं ठरवलं. मोठ्या वर्गांमुळेच पुढे असते तर त्यांनी हा खर्च कशाला केला असता?

मुलं एकमेकांकडून शिकतात, हे खरं आहे. पण त्यासाठी मोठा वर्ग लागत नाही. एका शिक्षकाने शेकडो मुलं शिकवण्याची पद्धत दोनशे वर्षांपूर्वी अँड्र्यू बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांनी गाजवली. बेल यांनी ती मद्रासच्या अनाथालयात आखली होती. पण त्या प्रचंड दालनात प्रत्यक्षात काय चालायचं? मुलांचे दहा-वीसचे गट पाडलेले, आणि प्रत्येक गटावर एक थोडा मोठा विद्यार्थी. म्हणजे शेकडोंचा वर्ग चालवायचा तरी आधी त्याचे लहान वर्गच करावे लागले.

आता जे कबूल करायला हवं ते करतो, मन नसलं तरी. ४५ ची ४० मुलं केली म्हणून काही जादू होत नाही. स्टारमधला ‘मोठा’ वर्ग २२ ते २५ चा होता, माझी बहीण तर त्याला लहानच म्हणेल. तेव्हा ५८ ची २९ केल्यावर नेमका किती फरक पडेल याचा आकडा त्या प्रयोगातून काढता येत नाही. इस्रायलमध्येही १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात लहान वर्गांचा फायदा दिसला होता, पुढे त्याच संशोधकांना नव्या आकडेवारीत तो दिसला नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये तिसरीपर्यंतचे वर्ग ३० वरून २० वर आणले, पण इतके शिक्षक एकदम आणायचे कुठून? घाईघाईत नवखे, अप्रशिक्षित शिक्षक भरले, ते गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या वाट्याला जास्त आले, आणि फायदा झाकोळला. म्हणजे शिक्षक महत्त्वाचा आहेच. पण मग चांगल्या शिक्षिकेला टिकवायचं की ५८ मुलं देऊन मोडायचं?

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचंही थोडं निराळं आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भौतिकशास्त्राच्या पावणेतीनशेच्या आसपास विद्यार्थ्यांच्या वर्गाला व्याख्यानाऐवजी प्रश्न आणि चर्चा यांतून शिकवलं. त्यांना चाचणीत सरासरी ७४ टक्के मिळाले, व्याख्यान ऐकणाऱ्या तेवढ्याच मोठ्या वर्गाला ४१. पद्धतीने इतका फरक पडतो, मान्य. पण अशा पद्धतींच्या २२५ अभ्यासांचा २०१४ मधला आढावा सांगतो की त्यांचा सर्वाधिक फायदा ५० पर्यंतच्या वर्गांत होतो. आणि ते विद्यार्थी वाचायला कधीच शिकलेले होते. सात वर्षांचं मूल अजून शिकतंय.

बहिणीला मी एवढंच सांगितलं की ग्रुपवर वाद घालू नकोस. अर्ज परत दे, आणि या वेळी त्याला दोन कागद जोड. एकावर ४१ सेकंदांचा हिशेब. दुसऱ्यावर, नावं न लिहिता, या महिन्यात ज्यांचं वाचन तुला एकदाही एकेकट्याने ऐकता आलं नाही त्या मुलांची संख्या. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “सव्वीस.” आकडा तिला पाठ होता.