स्टेशनजवळ फक्त घरंच?

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय : ‘स्टेशनलगतच्या जमिनीवर फक्त घरं बांधा. घरं वाढली की प्रवासी वाढतात. ऑफिसं कुठेही चालतात, शिवाय नंतर बांधता येतात.’ घरांची टंचाई खरी आहे, म्हणून ऐकताक्षणी पटतं.

‘ऑफिसं कुठेही चालतात.’ खरी गोची इथेच आहे. घराच्या टोकाला माणसाकडे सायकल असते, स्कूटर असते, नाहीतर कोणीतरी स्टेशनवर सोडतं. कामाच्या टोकाला उतरला की उरतात फक्त दोन पाय. ऑफिस दीड किलोमीटरवर असेल तर तो आठवडाभर चालेल आणि पुढच्या सोमवारी घरूनच गाडी काढेल. अमेरिकेतल्या स्टेशनांवरचा २०१२ चा गेरा, सर्व्हेरो आणि टिश्लर यांचा अभ्यास हेच सुचवतो : प्रवासीसंख्येचा अंदाज बांधायला नोकऱ्यांसाठी स्टेशनभोवती पाव मैल, म्हणजे ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ योग्य, वस्तीसाठी अर्ध्या मैलाचं. घर दोन गल्ल्या मागे चालतं, ऑफिस नाही.

‘घरं वाढली की प्रवासी वाढतात.’ वाढतात, पण एकाच दिशेने. सकाळी नऊला शहराकडे निघालेल्या गाडीचं दार लागत नाही. तीच गाडी परतते तेव्हा डब्यात एकजण पाय पसरून झोपलेला. चालक तोच, डबे तेवढेच. जपानचे रेल्वे-उद्योजक इचिझो कोबायाशी यांना हे फार आधी कळलं होतं. १९१० मध्ये ओसाकातल्या उमेदाहून निघालेल्या त्यांच्या रेल्वेलगत त्यांनी हप्त्यांवर घरं विकली खरी, पण दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, करमणुकीची सोय केली. उलट्या दिशेलाही तिकिटं खपली पाहिजेत ना!

यावर हमखास येणारं उत्तर : ‘लोक ऑफिसशेजारी राहतात कुठे?’ नाहीच राहत. स्टॉकहोमजवळचं वेलिंगबी १९५४ मध्ये काम, घर आणि बाजार एकत्र आणण्यासाठी वसवलं. तरी तिथले बरेच रहिवासी बाहेर कामाला गेले आणि कामाला बाहेरचे आले. योजना फसली म्हणा हवं तर. गाड्या मात्र दोन्ही दिशांनी भरल्या.

नुसती ऑफिसं असली तर संध्याकाळी सातनंतर स्टेशनबाहेर चिटपाखरू नसतं, हे मान्य. त्यामुळे मागच्या गल्लीत घरं हवीतच.

राहिलं ‘नंतर बांधता येतात’. ऑफिसच्या इमारतीचा मालक बहुधा एक किंवा मोजके असतात. फ्लॅट विकले की शंभर-दोनशे. तीच जागा पुढे ऑफिसांसाठी हवी झाली, तर इतक्या जणांच्या सह्या गोळा करायला कोण जाणार?