शब्द नाही म्हणे!

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने जाहीर केलं की ‘ऑब्सेशन’ला मराठीत शब्दच नाही. वेड म्हणजे ठार वेडेपणा, छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं, ध्यास फक्त संतांना आणि क्रांतिकारकांना, नाद म्हणजे बाई-बाटली. तेव्हा इंग्रजी शब्द घ्या आणि मोकळे व्हा. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये पेढ्यांचे फोटो टाकणारेही होते. इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडायचा आठवडा असतो, केअरवोख. ती पाळी माझी होती, जिना झाडताना मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत होते.

मुळात ज्या शब्दाला तो इतका नेमका समजतो, तो तरी कुठून आला? लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘समोर ठाण मांडून बसणे’, म्हणजे किल्ल्याला वेढा घालणे. (वेड आणि वेढा यांचं नातं मी जोडत नाहीये. असली नाती जोडणारे ग्रुपवर आधीच पुष्कळ आहेत.) पुढे माणसाला बाहेरून छळणाऱ्या सैतानाच्या वेढ्यालाही तोच शब्द लागला. जर्मन ‘बझेसन’मध्येही बसणंच आहे. आपल्याकडे भूत मानगुटीवर बसतं तेव्हा ती अंधश्रद्धा, आणि युरोपात बसलं की शास्त्रीय संज्ञा!

शास्त्राचंच बोलायचं, तर बर्लिनचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी 1877 मध्ये ज्या विकाराची व्याख्या केली, त्याच्या जर्मन नावाचा सरळ अर्थ ‘सक्तीची कल्पना’ असा होतो. इंग्रजीत नेताना कुणी त्याचं ऑब्सेशन केलं, कुणी कंपल्शन, आणि शेवटी दोन्ही एकमेकांना जोडून आजाराचं नाव झालं, ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ओसीडी. मराठी मानसोपचारतज्ज्ञ त्याच आजाराला मंत्रचळ म्हणतात. मंत्र म्हणताना चूक झाली की साधकाचं डोकं फिरतं, या जुन्या समजुतीतला हा शब्द आहे. हात धुतले की नाही, कुलूप लावलं की नाही, पुन्हा पुन्हा तेच, आणि चुकलं तर काहीतरी भयंकर होईल ही भीती. वेस्टफाल यांच्या शब्दात ती भीती नाही. आमच्यात आहे. पण मित्राने मंत्रचळ ऐकलेलाच नव्हता. ‘हा तर पुस्तकी शब्द,’ म्हणाला.

बरं, पुस्तकी नको. मग बोलण्यातले बघ. छंद जडतो. खूळ डोक्यात शिरतं. नाद लागतो, आणि तो लावणारा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो, निदान आईच्या मते. ध्यास मात्र आपण घेतो. वेड लागतं, शिवाय लावताही येतं. दोष कुणाचा, इच्छा कुणाची, बाहेर पडायची वाट आहे की नाही, हे सगळं आपण क्रियापदावर सोपवून ठेवलंय. मित्र नुसती नामं मोजत बसला. आणि नाद वाईटच कशावरून? संस्कृतातला साधा ध्वनी तो. नादाला लुब्ध झालेलं हरिण शिकाऱ्याच्या हाती सापडतं, ही आपली जुनी प्रतिमा आहे. ‘नादी लागणे’ मला तिच्याशेजारचंच वाटतं. उलट कोल्हापूरकर ‘नाद खुळा’ म्हणतात ती शाबासकी असते.

ध्यासाची गंमत वेगळीच. निदिध्यास हा वेदान्तातला शब्द, श्रवण आणि मनन यांच्यानंतरची पायरी. बोलीत त्याचा निजध्यास झाला. शुद्धलेखनवाले त्यावर चिडतात. मला तर तो मुळापेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात झोपेतसुद्धा न सुटणारं काहीतरी ऐकू येतं.

इथे जर्मनीत ‘आमच्याकडे शब्दच नाही’ असं कुणी म्हणत नाही, असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. श्टुटगार्टच्या एस-बानमधली, म्हणजे लोकलमधली, पोरं निम्मं बोलणं इंग्रजीत करतात, त्यावर इथली म्हातारी माणसं कपाळाला हात लावतात, हे लिहिलं नाही. व्यसनाला जे ‘झुख्त’ म्हणतात, ते शोधण्यावरून आलं अशी अनेक जर्मनांची समजूत आहे. खरं तर ते आजारपणावरून आलंय. हेही मी गाळलं. वादात सगळं थोडंच सांगतात?

माझ्या या भांडणांना मुलगी ‘ममाचा फिमल’ म्हणते. म्हणजे खूळच, पण लाडातलं. नवरा म्हणतो, तिथे राहणाऱ्यांना पडली नाही, तुला का पडावी? त्यांना एखादा शब्द आठवला नाही तर भाजीवाला, रिक्षावाला, शेजारीण, कुणीतरी दुसरा देतं. माझ्याकडचा साठा निघताना बांधून आणलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा, काढला तेवढा कमी होतो. म्हणून तिकडे कुणी एक शब्द सहज टाकून दिला की माझ्याच घरातलं काही फेकल्यासारखं होतं. आणि हे त्यांना सांगितलं तर ‘मग ये ना परत’ म्हणतील. त्याला माझ्याकडे कुठल्याच भाषेत उत्तर नाही.

परवा त्याच ग्रुपवर मित्राने मुलाचं एक वाक्य टाकलं. अख्खं मराठी, एकही इंग्रजी शब्द नाही. सगळे खूप हसले. त्यातला मधला शब्द मला कळला नाही. एवढं भांडून झाल्यावर विचारणार कुणाला? मीही एक हसरा चेहरा टाकला.