आधी हॉल की आधी स्पॉन्सर?

पुण्यात आयटी कंपन्या पायलीला पन्नास, पण आमच्या दोन दिवसांच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फरन्सला हॉल मिळेल तर शपथ! हॉलवाले म्हणतात, आधी अ‍ॅडव्हान्स, मग तारीख. स्पॉन्सर म्हणतात, आधी तारीख-जागा पक्की करा, मग बघू. आम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हे करणारे. अ‍ॅडव्हान्स काय खिशातून भरायचा? (दरवर्षी खिशातूनच भरतो, ते सोडा.) शनिवार-रविवार मागितला की 'लग्नतिथी आहे हो', आणि भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. कॉलेज फुकट देतं, पण दीपप्रज्वलन आणि संस्थाचालकांच्या भाषणातच सकाळ जाते.

सगळ्यात डोकं फिरतं ते 'सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून) बघतो' ऐकून. अहो, जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये बसतच नाही, नियमातच लिहिलंय! आणि लोगो तर तुम्हाला स्टेजभर हवा. ज्यांचं अर्धं दुकान लिनक्स आणि पायथन या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतं, तेच विचारतात, 'यात आम्हाला काय मिळणार?'

काल एका कंपनीकडून फोन आला. 'आमच्या सीईओंना कीनोट (मुख्य भाषण) द्याल का?' म्हटलं, देऊ की, आणि पैशांचं? 'ते मार्चनंतर बघू.'

कॉन्फरन्स फेब्रुवारीत आहे.