राइट() परत आलं म्हणजे डिस्कवर पोचलं?

सी भाषेच्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘एफराइट() बफरमध्ये लिहितं, राइट() थेट डिस्कवर लिहितं, म्हणून राइट() वेगवान आणि भरवशाचं.’ दोन्ही फाइलमध्ये लिहिणारी फंक्शन्स आहेत, आणि बफर म्हणजे डेटा तात्पुरता साठवायची मेमरी. दावे तीन आहेत आणि तिन्ही जसेच्या तसे घेतले तर अंगाशी येतात.

‘थेट डिस्कवर.’ नाही. राइट() टाळतं तो सी लायब्ररीचा बफर, कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) नाही. बाइट तुमच्या अ‍ॅरेतून कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे फाइलचा डेटा पानापानांनी ठेवणाऱ्या मेमरीत, कॉपी होतात आणि फंक्शन परत येतं. डिस्कवर ते कधी उतरवायचे हे कर्नल ठरवतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये बदललेलं पान साधारण ३० सेकंद जुनं झालं की त्याचा नंबर लागतो. तेवढ्यात वीज गेली तर राइट()ने ‘सगळं लिहिलं’ असं सांगूनही फाइल अर्धवट निघू शकते. क्लोज()वरही विसंबू नका, तेही डिस्कपर्यंत थांबत नाही. खात्री हवी असेल तर क्लोज()आधी एफसिंक() (डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारं फंक्शन) करा आणि त्याचं उत्तर तपासा. फाइल नवी असेल तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरही एफसिंक() लागतं, नाहीतर मजकूर वाचेल पण नावच हरवेल. आणि एफसिंक()ने एरर दिली तर तेच पुन्हा बोलावून ‘आता जमलं’ म्हणू नका: लिनक्सवर न उतरलेली पानं त्या एररनंतर स्वच्छ, म्हणजे डिस्कवर उतरलेली, समजली जाऊ शकतात, म्हणून दुसऱ्यांदा मिळालेल्या यशाला अर्थ नाही. डेटा मुळापासून पुन्हा लिहावा लागतो.

दाव्यात तथ्य आहे ते एवढंच: प्रोग्रॅम मध्येच मेला तर एफराइट()च्या बफरमधलं उरलेलं जातं, राइट()ने कर्नलला दिलेलं टिकतं. मशीन बंद पडलं तर मात्र दोघांची गत सारखीच.

‘वेगवान.’ बहुतेक वेळा उलटंच घडतं. एक एक बाइट करून १०,४८,५७६ बाइट राइट()ने लिहा, तेवढेच सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला केलेल्या विनंत्या) होतील. तेच एफपुटसी()ने, जे एक एक बाइट लायब्ररीच्या बफरात टाकतं, ४,०९६ बाइटच्या बफरातून, २५६ कॉलमध्ये उरकतं. राइट()चा फायदा हवा तर बफर स्वतः भरा आणि एका वेळी मोठा तुकडा, म्हणजे ६४ केबीच्या आसपास, लिहा.

‘भरवशाचं.’ इथे सगळ्यात जास्त कोड फसतो, कारण राइट() मागितलेलं सगळं लिहीलच असं नाही. समजा १०,००० बाइट द्यायचे आहेत आणि डिस्कवर ४,०९६चे दोनच ब्लॉक उरलेत. पहिला कॉल ८,१९२ परत करतो, एरर नाही. डिस्क भरल्याची एरर दुसऱ्या कॉलला येते, आणि नोट्समधल्या कोडमध्ये दुसरा कॉल नसतोच! म्हणून लूप हवा: जितके बाइट गेले तितका पॉइंटर पुढे, उरलेली लांबी तितकी कमी, शून्य होईपर्यंत. उत्तर −१ आलं तर एररनो (एररचं कारण सांगणारा आकडा) पाहा. सिग्नलने अडवलं असेल तर पुन्हा तोच कॉल, बाकी वेळी थांबा. उत्तर ठेवायचा व्हेरिएबल चिन्हासहित हवा. चिन्हरहित प्रकारात −१ हा प्रचंड मोठा आकडा होतो आणि ‘शून्यापेक्षा कमी’ ही अट कधीच खरी होत नाही.

याच नोट्समध्ये फाइल उघडणाऱ्या ओपन()ला तिसरा आर्ग्युमेंट, म्हणजे नव्या फाइलची परवानगी, म्हणून बरेचदा नुसतं ६४४ दिलेलं असतं. सुरुवातीचं शून्य गेलं की तो दशमान आकडा, अष्टमानात १२०४: मालकाला फक्त लिहायची परवानगी, इतरांना फक्त वाचायची, वर स्टिकी बिट नावाचा एक खास परवानगी-बिट. फाइल तयार होते, त्याच वेळी लिहिलीही जाते. नंतर वाचायला गेलात की परवानगी नाकारली. ०६४४ लिहा. आणि नवी फाइल तयार करायचा फ्लॅग देऊन तिसरा आर्ग्युमेंटच गाळलात, तर स्टॅकवर किंवा रजिस्टरमध्ये जो कचरा असेल तोच फाइलची परवानगी ठरतो.